मडगावचं अत्तराचं दुकान: मिट्टी, खस, हिना घ्या, गुलाब आणि ऊद राहू द्या

मडगावात मालभाटाच्या बाजूला हे दुकान आहे. पाटीवर दुकानाचं नाव नाही. हिरव्या अक्षरांत 'अत्तर, टोपी, तसबीह, सुरमा' एवढंच लिहिलेलं. रुंदी एका शटरची. आत दोन गिऱ्हाईकं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. काउंटरमागे बसणाऱ्या मालकांना सगळे चाचा म्हणतात. कोकणी, मराठी, उर्दू, ज्याला जे सोयीचं त्यात बोलतात. मशिदीत येणाऱ्यांसाठी थाटलेलं हे दुकान असलं तरी लग्नसराईत अत्तरदाणी-गुलाबदाणीचं सामान न्यायला फोंडा-सावर्ड्याकडून हिंदू गिऱ्हाईकही बरंच येतं.

अत्तर घेताना बहुतेक लोक नावावर जातात: गुलाब, मोगरा, ऊद. ह्या दुकानात, आणि गोव्याच्या हवेत तर नक्कीच, आधी बघायचं ते नावाखालचं तेल. कशात मुरवलंय ते विचारा, मग नाव विचारा. एवढं केलंत तर इथे चांगला माल मिळतो. नाही केलंत तर दोनशे रुपयांत गोड वासाचं पातळ तेल घेऊन घरी जाल.

माल तीन जागी ठेवलेला आहे. दर्शनी कपाटात तयार भरलेल्या रोल-ऑन बाटल्या, ६ मिली, ८० ते १५० रुपये. त्यामागच्या फळीवर मोठ्या काचेच्या बाटल्या. त्यातून ड्रॉपरने सुटं अत्तर भरून देतात, तोळा २५० ते ६०० रुपये. आणि चाचांच्या उजव्या हाताला एक पत्र्याची पेटी आहे, तिच्यात कन्नौजहून, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या अत्तराच्या गावाहून, येणाऱ्या मोजक्या बाटल्या. पेटी आपणहून उघडली जात नाही. 'चंदनाच्या बेसमधलं दाखवा' असं म्हटलं की उघडते. ह्या परीक्षणातली शिफारस मुख्यतः पेटीतल्या मालाची आहे.

मापाचं आधी समजून घ्या. अत्तर तोळ्यावर विकतात आणि तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. दुकानात प्रत्यक्षात १२ मिलीची बाटली म्हणजे एक तोळा, ६ मिली म्हणजे अर्धा, ३ मिली म्हणजे पाव. चंदनाचं तेल पाण्याहून किंचित हलकं, घनता साधारण ०.९७, म्हणजे १२ मिली भरलं की वजन तोळ्याच्या जवळपास बरोबर येतं. माप खरं आहे, फक्त बाटली गळ्यापर्यंत भरली आहे ना ते बघा. कट ग्लासच्या जाड बुडाच्या बाटल्या दिसतात मोठ्या आणि मावतं कमी. शोभेची बाटली घ्यायची असेल तर आधी साध्या मापाच्या बाटलीत भरायला सांगा, मग त्यात ओतून घ्या.

आता हिशेब. भारतीय चंदनाच्या तेलाचा किलोचा भाव लाखाच्या वर आहे. अगदी एक लाख धरला तरी तोळाभर तेलाचेच बाराशे रुपयांच्या आसपास होतात. फुलं, लाकूड, मजुरी, वाहतूक, दुकानदाराचा नफा अजून बाकीच. तेव्हा २५० रुपये तोळ्याचं 'चंदनातलं गुलाब' असूच शकत नाही. हे फळीवरच्या मालाला शिवी म्हणून सांगत नाही. त्या किमतीला तो माल ठीक आहे, जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाला, कपड्यावर एक बोट लावायला पुरेसा आहे, आणि चाचाही विचारलं तर 'हे बनावटी, हे असली' असं सरळ सांगतात. न विचारता मात्र सांगत नाहीत.

कन्नौजची पद्धत ठाऊक असली की कोणतं अत्तर महाग का, ते आपोआप कळतं. तांब्याच्या देगेत पाणी आणि फुलं घालतात, झाकण माती-कापसाने लिंपून बंद करतात. देगेतून बांबूची नळी, म्हणजे चोंगा, निघतो तो भपक्यात जातो. भपका हे तांब्याचं लांब मानेचं भांडं पाण्याच्या हौदात बुडवलेलं असतं आणि त्यात आधीच चंदनाचं तेल घातलेलं असतं. वाफ तिथे थंड होते, तेल सुगंध धरून ठेवतं, पाणी खाली बसतं. ते पाणी काढून पुन्हा देगेत घालतात, दुसऱ्या दिवशी नवी फुलं, आणि तेल पुरेसं वासाळलं असं कारागिराचं नाक सांगेपर्यंत हे रोज चालतं. विस्तवाला आच जास्त लागली की फुलं करपतात आणि सगळ्या घाण्याला जळकट वास येतो. भपका वेळेवर थंड केला नाही तर वाफ वाया जाते. शेवटी अत्तर चामड्याच्या कुप्प्यांत ठेवत, म्हणजे उरलेली ओल कातड्यातून बाहेर पडते. आता बहुतेक माल काचेत किंवा ॲल्युमिनियमच्या डब्यांत येतो. म्हणून पेटीतली बाटली उजेडापुढे धरून बघावी: तळाशी पाण्याचा बुडबुडा किंवा गढूळ थर दिसला तर ओल राहिली आहे. अशी बाटली वर्षभरात आंबूस होते. परत द्या.

पेटीतलं सगळ्यात उत्तम म्हणजे मिट्टी. भाजलेल्या मातीच्या चकत्या आणि फुटक्या कुल्हडांचे तुकडे देगेत घालून त्यांचा अर्क चंदनात उतरवतात. इथे ३ मिलीला ८५० आणि तोळ्याला ३,२०० रुपये पडतात, आणि वर केलेल्या हिशेबाशी हा भाव जुळतो. लावल्याबरोबर पहिल्या पावसाचा वास येतो, तो जोरकस पंधरा-वीस मिनिटं. मग मागचं चंदन वर येतं आणि ते अंगावर सहा-सात तास टिकतं. नकली मिट्टी ओळखायला सोपी. तिचा वास पहिल्या मिनिटाला आणि तिसऱ्या तासाला अगदी तोच राहतो, चंदन येतच नाही, आणि मागे ओल्या सिमेंटसारखा कोरडा वास उरतो. फळीवरही 'मिट्टी' नावाची एक बाटली आहे, ३०० रुपये तोळा. ती हीच.

दुसरं खस, म्हणजे आपला वाळा. हे फुलाचं नव्हे, मुळांचं. चंदनात न मुरवता शुद्ध काढतात तेव्हा त्याला रूह खस म्हणतात. तोळा १,२०० रुपये. तांब्याच्या देगेतून आलेल्या रूह खसला मुळातच शेवाळी हिरवी झाक असते आणि ते दाट असतं, बाटली तिरपी केली तर काचेवरून सावकाश ओघळतं. फळीवरचं खस पोपटी हिरवं आणि पाण्यासारखं पातळ आहे. पांढऱ्या कागदावर थेंब टाकला तर हिरवा डाग उमटतो, म्हणजे रंग घातलेला. खऱ्या खसाचा पहिला वास अनेकांना आवडत नाही. तो मातकट, थोडा धुरकट, उग्र असतो. अर्धा तास द्यावा लागतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात अंगावर बाळगण्याजोगं ह्यासारखं दुसरं अत्तर ह्या दुकानात नाही. मात्र थेट गळ्याला लावू नका. बनियनच्या आतल्या बाजूला किंवा रुमालाच्या कोपऱ्याला पुरे.

तिसरं हिना. नावावरून फक्त मेंदीच्या फुलांचं वाटतं, प्रत्यक्षात मसाले, मुळं, साली आणि फुलं ह्यांचा एकावर एक चढवलेला अर्क असतो; ह्याच घराण्यातला शमामा अजून गडद. पेटीतल्या हिन्याबद्दल चाचा स्वतःच सांगतात की अर्धंच चंदन आहे, बाकी दुसरं तेल. त्यामुळे तोळा १,४०० रुपयांत देतात. प्रामाणिक सौदा आहे. वास केशर-लवंगेकडे झुकणारा, उबदार, आणि कपड्यावर दोन दिवस राहणारा. पण दोन अडचणी. एक, हिना आणि शमामा दोन्हींचा पिवळट-तपकिरी डाग पडतो आणि तो पांढऱ्या चिकनच्या कुर्त्यावरून जात नाही. दोन, त्यात लवंग-दालचिनीसारखे घटक असल्याने नाजूक कातडी चुरचुरते. कोपराच्या आत एक ठिपका लावून दुसऱ्या दिवसापर्यंत बघावं, लालसर झालं तर कातडीला न लावता जाड शालीला किंवा जॅकेटच्या अस्तराला लावावं. लहान मुलांना हिना लावू नये.

सध्या काही वर्षं रमझान ईद फेब्रुवारी-मार्चात आणि बकरी ईद मेमध्ये येते. ईदला हिनाच हवा असा पुष्कळांचा आग्रह असतो. रमझान ईदेला, सकाळच्या नमाजाला, चालेल. मेच्या घामात मात्र हिना डोक्यात जातो, शेजारी बसलेल्याच्याही. बकरी ईदेला मिट्टी किंवा खस न्या. हिना आणि शमामा ह्यांची गोव्यातली खरी वेळ जून ते सप्टेंबर. कपाटातल्या कपड्यांना जो कुबट वास धरतो तो खसाने जात नाही, उलट खसाचा मातकटपणा त्यात मिसळून कपडे जास्तच ओलसर वाटतात. हिना तो वास झाकतो.

मजमुआ हे नावाप्रमाणे मिश्रण: खस, केवडा, मिट्टी आणि कदंब अशी त्याची रूढ जुळणी. इथलं ५०० रुपये तोळ्याचं मजमुआ फळीवरचंच आहे, पण फळीवरच्या मालात ते सगळ्यात नीट बांधलेलं. कमी पैशात रोजच्या वापराला काही हवं असेल तर डोळे मिटून हेच घ्या. 'जन्नतुल फिरदौस' नावाचं हिरवं अत्तर प्रत्येक अत्तरवाल्याकडे असतं, इथेही आहे. प्रत्येकाचं वेगळं लागतं, इथलं साबणाच्या वडीच्या अंगाने जाणारं. तरुण मुलं तेच मागतात.

फुलांकडे वळलं की दुकान लंगडं पडतं. गुलाबाचं खरं अत्तर चैती गुलाबाचं, म्हणजे वसंतात फुलणाऱ्या सुगंधी जातीचं. एक किलो शुद्ध गुलाबतेल काढायला साधारण चार टन पाकळ्या लागतात, आणि म्हणूनच रूह गुलाबचा किलोचा भाव कित्येक लाखांत असतो. इथे गुलाब ३५० रुपये तोळा. तो काय आहे हे सांगायची गरज नाही. गुलाबजामच्या पाकासारखा गोड वास, दीड तासात संपतो. मोगरा त्याहून बरा, कारण मोगऱ्याचा कृत्रिम वास आता कारखान्यांना चांगला जमतो. पण ज्या गावात संध्याकाळी बाजारात मोगऱ्याची फाती, म्हणजे गजरा, मिळते तिथे बाटलीतला मोगरा घेण्यात काय हशील? चंपाही तसाच. सोनचाफ्याची धार त्यात नाही, नुसता गोडवा आहे. सुरंगी मागायला बायका येतात, ती ह्या दुकानात नाही. केवडा मात्र एकदा हुंगून बघावा. अत्तराचा केवडा मुख्यतः ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातून येतो, नर फुलांच्या तुऱ्यापासून; पेटीत त्याची एक छोटी बाटली कधी असते, कधी नसते. असली तर ३ मिलीच घ्या. वास इतका तिखट-गोड आहे की सुईच्या टोकाइतका पुरतो, आणि चवथीला मखरात केवडा ठेवणाऱ्यांना तो लगेच ओळखू येईल.

ऊद आणि कस्तुरी ह्या दोन नावांवर पैसे टाकू नका. ऊद म्हणजे अगर झाडाच्या लाकडात बुरशी लागल्यावर साचणारं राळेसारखं द्रव्य. आसामात होजाई भागात त्याचा मोठा व्यापार आहे. अगरची झाडं आंतरराष्ट्रीय व्यापारात नियंत्रित आहेत, आणि खऱ्या तेलाचा तोळा हजारो रुपयांच्या पटीत जातो. इथला 'दहनुल ऊद' ७०० रुपये तोळा, आणि दुबईहून आलेल्या नक्षीदार बाटल्यांतला १,५०० पर्यंत. दोन्हींत जळक्या रबराची आणि औषधाची छटा आहे. ज्यांना तो अरबी ढंगाचा जोरदार वास आवडतो त्यांना चालेल, पण त्याला ऊद समजून पैसे देऊ नयेत. कस्तुरीचं तर सरळच आहे: कस्तुरीमृग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, तेव्हा दुकानात मिळणारी कस्तुरी, मग तिला 'व्हाइट मस्क' म्हणा की 'मुश्क', कृत्रिमच असणार आणि असायलाच हवी. कुणी 'असली नाफा', म्हणजे मृगाची कस्तुरीची पिशवी, दाखवू लागला तर तिथून निघावं. इथे तसं कुणी दाखवत नाही.

तपासायचं कसं? दुकानात कागदाच्या पट्ट्या मिळत नाहीत. टीपकागदाच्या चार पट्ट्या कापून सोबत न्या. प्रत्येक पट्टीवर नाव लिहा आणि एकच थेंब घ्या. तीनच्या वर वास एका वेळी घेऊ नका, नाक मरतं. मध्ये कॉफीच्या बिया हुंगायला देतात त्याचा उपयोग नाही. आपल्याच धुतलेल्या बाहीचा वास घेतला की नाक ताळ्यावर येतं. मग पट्ट्या कागदी पाकिटांत वेगवेगळ्या ठेवून बाजार उरकून या, तासाभराने पुन्हा हुंगा. ज्या पट्टीचा वास बदललाय पण गेला नाही ती घ्या. ज्या पट्टीचा वास जराही बदलला नाही ती बनावटी, आणि ज्या पट्टीवर नुसता तेलाचा पारदर्शक डाग उरलाय आणि वास नाही, ती पॅराफिनवाली, म्हणजे खनिज तेलात पातळ केलेली.

पाण्याची चाचणीही करता येते, पण तिचा अर्थ नीट लावावा लागतो. पेलाभर पाण्यात एक थेंब सोडा. चंदनाच्या बेसमधलं अत्तर वर तरंगतं. स्वस्त अत्तरांत जे थॅलेट नावाचं पातळ करणारं द्रव्य घालतात ते पाण्याहून जड, घनता १.१२, त्याचा थेंब तळाला जातो. ग्लायकॉल असेल तर विरघळून धुरकट रेघ सुटते. इथपर्यंत ठीक. पण पॅराफिनही तरंगतं, म्हणजे तरंगलं म्हणून चंदन सिद्ध होत नाही. आणि रूह खस पाण्याच्या इतक्या जवळच्या घनतेचं असतं की अस्सल असूनही बुडू शकतं. तेव्हा ही चाचणी फळीवरच्या मालातलं जड द्रव्य पकडायला वापरावी, खसाला लावू नये.

भरून देण्यात एक दोष आहे आणि तो दर वेळी सांगावा लागतो. फळीवरच्या सगळ्या बाटल्यांना मिळून दोन-तीनच ड्रॉपर आहेत; ते स्पिरिटमध्ये खळबळून पुन्हा वापरतात. हिन्यानंतर त्याच ड्रॉपरने मोगरा भरला की मोगऱ्यात मसाला येतो, आणि थोडं स्पिरिट आत राहिलं की नमाजासाठी बिनअल्कोहोलचं अत्तर नेणाऱ्याचा हेतूच बाजूला पडतो. नवा ड्रॉपर मागितला तर देतात, पाच रुपये जास्त. द्यावेत.

रोल-ऑन घेऊच नका असं म्हणेन. वर सांगितलेलं थॅलेट प्लॅस्टिक मऊ करतं. दोन-चार महिन्यांत गोळीभोवतीची खोबण सैल होते, मग खिशात गळतं आणि कुर्त्याच्या खिशावर कायमचा गोल डाग. काचेची बाटली आणि काचेची कांडी हेच बरं. रबरी बूच फुगतं, तेही नको. काचेचं घासलेलं बूच घट्ट बसलं तर ओढाताण न करता बाटलीची मान कोमट पाण्यात मिनिटभर धरावी आणि बूच हलकेच फिरवावं. बाटली कपाटात, अंधारात ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं अत्तर गोव्याच्या उन्हात एका उन्हाळ्यात बिघडतं. चंदनाच्या बेसमधली मिट्टी आणि हिना नीट ठेवले तर वर्षागणिक सुधारतात. फुलांची अत्तरं वर्षाच्या आत संपवावीत.

लावण्याचं थोडक्यात. दमट हवेत सुगंध लवकर उधळतो आणि घामाबरोबर वाहून जातो, म्हणून लोक जास्त लावतात. ते उलटं आहे. कांडीचं टोक एकदा मनगटाला, एकदा कानामागे. मनगटं एकमेकांवर घासायची नाहीत, घासल्याने वरचे हलके वास लगेच उडतात. कानात फाया ठेवणाऱ्यांनी थेंबभर अत्तर जिरवून कापूस आधी टिपून घ्यावा, नाहीतर तेल कानात उतरतं.

लग्नाला किती न्यावं हे सगळेच विचारतात. कांडीने पाहुण्यांच्या हाताला स्पर्श करायचा असेल तर एक तोळा तीनशे माणसांना पुरतो. फाये वाटायचे असतील तर कापूस तेल पितो, दोन तोळे धरा. त्यासाठी पेटी उघडायला लावू नका. मजमुआ उत्तम चालतं. गुलाबपाणी तीनशे माणसांना दोन लिटर, आणि ते लग्नाच्या आठवड्यातच घ्या. दुकानातल्या पाच लिटरच्या कॅनमधलं सुटं गुलाबपाणी शिंपडायलाच ठीक. त्याला तयारीची तारीख नसते. ते खाण्यात घालू नका.

खाण्यावरून एक ताकीद, आणि ही सगळ्यात गंभीर तक्रार आहे. बिर्याणीत घालायचं मीठा अत्तर आणि केवडाजल ह्याच दुकानात, अंगाला लावायच्या अत्तरांच्या शेजारच्या फळीवर, त्याच आकाराच्या बाटल्यांत ठेवतात, आणि काहींवर फक्त उर्दूतली चिठ्ठी आहे. उर्दू वाचता न येणारा माणूस अंगाचं केवडा अत्तर नेऊन तांदळावर शिंपडेल, आणि त्यात तेच थॅलेट असेल. खाण्याच्या बाटलीवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक छापलेला असतो. तो दिसला तरच घ्या, चिठ्ठीवर विश्वासू नका. प्रमाण: किलोभर तांदळाला मीठा अत्तर दोन-तीन थेंब, चमचाभर दुधात किंवा केशराच्या पाण्यात कालवून, दम लावण्याआधी वरच्या थरावर. केवडाजल एक ते दोन चहाचे चमचे. जास्त पडलं की बिर्याणी कडवट लागते, आणि मग त्यावर इलाज नाही.

बखूर घेण्यासारखं आहे. सुगंधी तेलात मुरवलेल्या लाकडाच्या चुऱ्याच्या वड्या, ५० ग्रॅमची डबी २०० रुपयांपासून. पावसाळ्यात कपड्यांना धूप द्यायला हेच वापरा. सोबत मिळणारा झटपट पेटणारा गोल कोळसा घेतलात तर त्यात सोरा असतो. पेटवल्यावर ठिणग्या आणि फटाक्याचा वास येतो. वर पांढरी राख पूर्ण धरेपर्यंत थांबा, पाचेक मिनिटं लागतात, मग वाटाण्याएवढा तुकडा ठेवा. घाई केली की कपड्यांना बखुराऐवजी सोऱ्याचा वास लागतो. नारळाच्या करवंटीचा निखारा त्याहून चांगला आणि फुकट. रोज्याच्या दिवसात हा धूर मुद्दाम ओढून घेणं टाळतात, तेव्हा रमझानमध्ये धूप द्यायचा तो मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्तानंतर.

बाकीचं सामान: विणलेल्या टोप्या चांगल्या, धुतल्यावर आकार टिकतो. तसबीह तेहेतीस आणि नव्व्याण्णव मण्यांच्या, प्लॅस्टिकच्या जास्त, लाकडी थोड्या. लाकडीचा दोरा बघून घ्या, गाठ कच्ची असते. मिस्वाक, म्हणजे दातवणाची काडी, सीलबंद आणि वाकवल्यावर न मोडणारी घ्यावी, सुकलेली असेल तर हिरड्या सोलते. हज-उमऱ्याला जाणाऱ्यांसाठी बिनवासाचा साबण ठेवतात हे विशेष, कारण इहरामात, म्हणजे यात्रेचे नियम पाळायच्या काळात, सुगंध वर्ज्य आणि साधा बिनवासाचा साबण बाजारात शोधूनही पटकन मिळत नाही. सुरमा मात्र घेऊ नका. पारंपरिक काळ्या सुरम्यात शिशाचं खनिज असू शकतं आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत ती डोळ्यात घालण्यासारखी नाही, आणि इथल्या बहुतेक पुड्यांवर ते लिहिलेले नाहीत.

दुकान सकाळी दहाला उघडतं, दुपारी एक ते चार बंद. शुक्रवारी साडेबारालाच शटर अर्धं खाली येतं आणि नमाज सुटल्यावर तासभर उघडतं. त्या तासात गर्दी इतकी की पेटी उघडायला सांगू नये. मंगळवार-बुधवारची संध्याकाळ बरी. बिल मागितलं तरच मिळतं, त्यावर 'मिट्टी, चंदन बेस, १ तोळा' असं लिहून घ्या. भरलेली बाटली परत घेत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी नेलीत आणि पाणी दाखवलंत तर बदलून देतात. जीपे चालतं. गाडी आणू नका, त्या गल्लीत दुचाकीलाही जागा नाही.